पत्ता बदलला, गोळी तीच?

नौपाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी परवा गोळ्यांचे दोन पत्ते माझ्यापुढे टाकले. "चिठ्ठी तीच, पण मेडिकलवाल्याने दुसऱ्याच कंपनीची दिली बघ. पहिल्याच रात्री डोळ्याला डोळा नाही. ही मला लागू पडत नाही." दोन्ही पत्त्यांवर बारीक अक्षरांत एकच मजकूर: क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे धास्ती कमी करणारं, झोप आणणारं औषध. एक गोळी केशरी, दुसरी पांढरी.

काकूंना केशरी गोळी 'ओरिजिनल' वाटते. खरं तर आपल्याकडे ठसठशीत नावाने विकली जाणारी गोळीही बहुतेक वेळा जेनेरिकच, म्हणजे मूळ औषधाची दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कलच असते. त्यामुळे प्रश्न असा, की एक नक्कल दुसरीच्या तोडीची आहे का?

हे ठरवायला तुल्यतेची, म्हणजे नवी गोळी मूळ औषधाइतकीच शरीरात पोचते का हे पाहणारी चाचणी असते. तीत निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांनी नवी गोळी देतात. ठरावीक वेळाने रक्त काढून औषध किती चढलं आणि एकूण किती पोचलं, ते मोजतात. नव्या गोळीचे आकडे मूळच्या ८० ते १२५ टक्क्यांत बसावे लागतात. हे ऐकून लोक दचकतात. म्हणजे वीस टक्के औषध कमी चालतं? तसं नाही. त्या चौकटीत नुसती सरासरी बसून भागत नाही, सरासरीभोवतीच्या अनिश्चिततेचा अख्खा पट्टा बसावा लागतो. खिडकीतून डोकं गेलं, तरी खांदे अडकले तर नापास! अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातल्या दोन हजारांवर चाचण्या तपासल्या, तेव्हा शरीरात पोचणाऱ्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

मात्र यातली गोम अशी, की प्रत्येक नक्कल मूळ औषधाशी ताडली जाते, नकला एकमेकींशी नाही. शिवाय भारतात पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यांसाठी ही चाचणी सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या कितीतरी गोळ्या तिच्याशिवाय बाजारात आल्या.

म्हणजे काकूंचं खरं? थांबा. क्लोनाझेपाम रक्तात निम्म्यावर यायला ३० ते ४० तास लागतात. काकू वर्षभर रोज रात्री गोळी घेतायत. समजा पांढरी गोळी नुसत्या खडूची असती, तरी त्या रात्री त्यांच्या अंगात केशरीचं निम्म्याहून जास्त औषध होतंच. पहिल्याच रात्रीची झोप उडवली ती बहुधा बदललेल्या रंगाने. याला मी नाटक म्हणणार नाही. धास्ती हाच ज्याचा आजार, त्याला अनोळखी गोळीची धास्ती वाटणारच.

धास्तीवरच्याच अल्प्राझोलाम या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. ते साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं. नावापुढे 'एसआर' असलेली, सावकाश सुटणारी गोळी आणि साधी गोळी यांची अदलाबदल झाली, तर फरक त्याच दिवशी जाणवू शकतो. सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांत कारागिरीला फार महत्त्व असतं. अमेरिकेत बुप्रोपियॉन या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी रुग्णांना मानवेना. तिला मंजुरी मिळाली होती १५० मिलिग्रॅमच्या चाचणीवर. ३०० ची प्रत्यक्ष चाचणी झाल्यावर ती नापास ठरली आणि २०१२ मध्ये बाजारातून गेली. तक्रार करणारे रुग्ण बरोबर होते.

काकूंना म्हटलं, गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना दोन्ही पत्ते दाखवा, आणि तोवर पांढरी कधी सुरू केली ते लिहून ठेवा. त्यांनी लगेच बॉलपेनने पत्त्याच्या पाठीवर तारीख घातली.

आठ दिवसांनी जिन्यात भेटल्या. डॉक्टरांनी पांढरीच चालू ठेवायला सांगितली होती. झोप लागते का, विचारलं.

"लागते हल्ली," म्हणाल्या. "पण केशरीच बरी होती."