कोलीनची गोळी आणि स्मरणशक्ती : एक खुलासा

इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांमध्येही असा समज रूढ आहे की, कोलीन या पोषक द्रव्यापासून मेंदूत असिटिलकोलीन हे स्मृतीशी निगडित रसायन तयार होते, म्हणून सिटिकोलीनची (कोलीन असलेल्या एका संयुगाची) गोळी घेतली की एकाग्रता वाढलीच पाहिजे. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही. रक्तातून मेंदूत जाणारे कोलीन ठरावीक वाहक प्रथिनांमार्फतच जाते, त्यामुळे आहार पुरेसा असताना जादा गोळीने असिटिलकोलीन त्या प्रमाणात वाढत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत तर पक्षाघाताच्या आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णांनाही सिटिकोलीनचा प्लासिबोपेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय, नकली औषधापेक्षा) अधिक लाभ दिसला नाही. निरोगी तरुणांवरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

कोलीन आवश्यक पोषक द्रव्य आहे, हे मात्र निर्विवाद. अमेरिकी मानकानुसार प्रौढ पुरुषासाठी रोज ५५० आणि स्त्रीसाठी ४२५ मिलिग्रॅम पुरेसे मानतात. डबीवर ‘५०० मिलिग्रॅम सिटिकोलीन’ छापलेले असले, तरी त्यात प्रत्यक्ष कोलीन जेमतेम १०० मिलिग्रॅम भरते. एका मोठ्या अंड्यात ते सुमारे १४७ असते. अंडे वर्ज्य असलेल्या घरांसाठी माळव्याचे सोयाबीन आहेच, जे आपण दुर्दैवाने तेलापुरतेच ओळखतो.