पिस्तुलाच्या गोळीची कुळकथा
वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकन नवशिक्यापुढे पहिला पेच गोळीचा असतो: नुसते शिसे, तांब्याचा मुलामा की पुरते तांब्याचे आवरण? इंदुरात हा पेच कुणाला पडत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रिव्हॉल्व्हरचे लायसन्स कपाटात आहे म्हणून काडतूस भरायला बसता येत नाही. पण या गोळ्या अशा का झाल्या, त्या कहाणीचा एक धागा आपल्या महूवरून जातो.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपुरात होळकर आणि इंग्रज समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडच्या पायदळाची मुख्य भिस्त गुळगुळीत नळीच्या, तोंडाकडून भरायच्या बंदुकांवर होती. शिशाची गोल गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवत, नाहीतर ती गजाने भराभर खाली उतरायची नाही. लहान गोळी नळीत इकडेतिकडे आपटत सुटायची आणि नेमका नेम विसरावा लागायचा. पुढच्याच वर्षी मंदसौरचा तह झाला, महूला छावणी पडली.

नळीत पेचदार आटे पाडले तर गोळी फिरत जाते आणि नेम सुधारतो, हे जुनेच ज्ञान. अडचण भरण्याची होती: आट्यांत घट्ट बसणारी गोळी आत ठोकायला वेळ लागे. १८४९ मध्ये क्लोद-एतियेन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची निमुळती, बुडाशी पोकळ गोळी आली. ती सैल उतरे आणि बार उडताच बूड फुगून आटे धरी. १८५३ ची एन्फिल्ड बंदूक याच वाटेने आली. तिच्या काडतुसाच्या चरबीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी पाठ केली. आतल्या गोळीकडे मात्र कुणी पाहत नाही. १ जुलै १८५७ ला इंदूरची रेसिडेन्सी आणि महूची छावणी पेटली, त्यामागे कारणे पुष्कळ होती. चरबीचे काम मात्र साधे होते: गोळी सहज सरकावी आणि नळीतली काजळी मऊ राहावी. आजही ओतीव शिशाच्या गोळीवर खाचा असतात, त्यांत मेणासारखे वंगण भरतात. तीच गरज, फक्त गाय-डुकराचा वाद नाही.

मग धातूचे काडतूस आले आणि पाठोपाठ बिनधुराची दारू. पॉल व्हिएलने ती १८८४ मध्ये साधली. वेग एवढा वाढला की शिसे आट्यांना लिंपून बसू लागले. त्यावरचा तोडगा, तांब्याचे आवरण, स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्येच काढला होता. आवरणाची गोळी माणसातून सरळ पार जाते, ही इंग्रजांची तक्रार होती. म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या. दमदमचे नाव मात्र जगभर शिवीसारखे उरले.

नेमबाजीत मात्र उलटेच घडले. कागदी निशाणावर टोकदार गोळी फाटके, अस्पष्ट भोक पाडते आणि गुणांवरून भांडण होते. सपाट तोंडाची वॅडकटर कात्रीने कापल्यासारखा गोल काढते. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ चे काडतूस मूळचे सौम्य. त्या वेगाला शिसेच पुरते. आंतरराष्ट्रीय २५ मीटर पिस्तुलात आवरणाच्या गोळ्यांना मनाईच आहे, आणि सेंटर-फायर प्रकारात (म्हणजे पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी असतो त्यात) ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यास चालतो. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाचे सुवर्ण याच प्रकारातले. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजय कुमारने २०१२ मध्ये लंडनला रौप्य मिळवले ते रॅपिड फायरमध्ये. तिथली .२२ ची काडतुसे पुन्हा भरण्याजोगी नसतातच, कारण पेट घेणारा मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, कडेतच असतो.

अमेरिकन दुकानातल्या फळीवर आज गोळ्यांची जी रेलचेल दिसते ती दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईतून आली. अमेरिकेत व्हर्नन स्पीअर, फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ च्या रिकाम्या केस दाबून आवरणे बनवली. जॉइस हॉर्नाडी १९४९ मध्ये गोळ्यांच्या धंद्यात आला. तिकडच्या नवशिक्याला जाणकार सांगतात ते या इतिहासातूनच निघते. हळू रिव्हॉल्व्हरला शिशाची वॅडकटर. ९ मिलिमीटर पिस्तुलाला गोल तोंडाची, आवरणाची किंवा मुलाम्याची, कारण ती मॅगझिनमधून नळीत न अडकता चढते. शिशाची गोळी आट्यांना घट्ट धरावी म्हणून हजारांश इंच जाड, म्हणजे .३५५ ऐवजी .३५६. आणि ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीचे दारूचे माप १२४ ला कधीही लावायचे नाही, त्या गोळीसाठी छापलेलेच घ्यायचे. मला यातला शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाकी चुकले तर नेम जातो, हा चुकला तर बोटे.

आपल्याकडचे कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर तेच १८९६ चे काडतूस खाते. इंदूरच्या लायसन्सवाल्याने ते दुकानातून मिळेल तसे, ठरलेल्या कोट्यात घ्यायचे, आणि गोळी निवडण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.