लेदर सीट आणि तेलाचा जुना सल्ला

लेदर सीट मऊ राहावी म्हणून तिला तेल पाजा, खोगिराच्या साबणाने (सॅडल सोपने) धुवा, असं आजही सर्रास सांगितलं जातं. एके काळी हा सल्ला अगदी योग्य होता. पण तो ज्या चामड्यासाठी होता, ते आजच्या गाड्यांत जवळपास सापडत नाही.

पहिल्या मोटारींच्या बैठका घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच केल्या. चालक उघड्यावर बसे, म्हणून त्याच्या सीटला चामडं लावत; पाऊस-चिखल सोसणारं आणि पुसून घेता येणारं. मागच्या बंद कप्प्यात मालकासाठी मऊ लोकरी कापड असे. चामड्याला ऐटीचा मान पुढे मिळाला.

चामडं कमावायची जुनी रीत झाडांच्या साली-फळांची. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तीच. मुंबई बंदरातून हिरडा ब्रिटनमधल्या टॅनरींना जात असे. या रीतीने कातडं तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागत. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचं पेटंट घेतलं, १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने ते काम एकाच द्रावणात आणलं आणि हा वेळ दिवसांवर आला. मोटारीच्या दृष्टीने दुसरा फायदा मोठा होता, उष्णता सोसण्याचा. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं. क्रोमचं १०० अंशांच्या आसपास टिकतं.

तेलाच्या प्रश्नाचा निकाल मात्र वरच्या लेपाने लावला. लंडनमध्ये १८७८ साली सुरू झालेली कॉनोली ही कंपनी रोल्स-रॉइस आणि जॅग्वारला चामडं पुरवत असे. त्या जुन्या कातड्यांवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, म्हणजे वार्निशासारखा चकचकीत लेप असे. वयानुसार ते कडक होई, त्याला बारीक तडे जात आणि त्यांतून वरून चोळलेल्या तेलकट मलमातला स्निग्धांश आत उतरे. म्हणून जुन्या गाड्यांना असं मलम खरोखर मानवतं. नंतर लॅकरची जागा पाण्यात मिसळणाऱ्या रंगद्रव्यांनी आणि पॉलियुरेथेन (पीयू) या प्लास्टिकच्या थराने घेतली. आज बहुतेक लेदर सीटवर हाच थर असतो. हात लावतो तो त्यालाच. तेल त्यातून आत जात नाही. वरच चिकटून राहतं, धूळ धरतं, आणि ती धूळ प्रत्येक बसण्या-उठण्यात सॅंडपेपरसारखी घासते. खोगिराचा साबण अल्कधर्मी, तर चामडं किंचित आम्लधर्मी. तो शिलाईतून आत मुरला तर आतलं चामडं कडक होतं.

सीटवर थर आहे की नाही, हे पाहायला आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात तिथे काळपट डाग उतरला, तर चामडं उघडं आहे. त्याला ओलं कापड, साबण, रगडणं काहीच सोसत नाही. थेंब तसाच राहिला, तर थर शाबूत आहे. मात्र हाच निकाल कृत्रिम सीटही देते. रेक्झिन हे मूळचं इंग्लंडमधल्या एका कारखान्याचं व्यापारी नाव, नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या सुती कापडाचं. आपल्याकडे ते नाव सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं. आज ज्याला लेदरेट म्हणतात ते पीव्हीसी किंवा पीयू या प्लास्टिकचं असतं, आणि त्यावर लेदर कंडिशनरचा, म्हणजे चामडं मऊ ठेवणाऱ्या मलमाचा पैसा वाया जातो. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, हलक्या पीयूचे काही वर्षांत पापुद्रे सुटतात. तो पाण्यामुळे होणारा रासायनिक ऱ्हास आहे, मलमाने थांबत नाही.

थर असलेल्या लेदरला हवी असते फक्त स्वच्छता. आधी मऊ ब्रशच्या तोंडाने व्हॅक्यूम करा, शिलाईच्या फटींतून जरूर. तिथली वाळू राहिली तर पुढचं पुसणं म्हणजे घासणंच. लेदरसाठीचं सौम्य, पीएच तटस्थ (आम्लही नाही, अल्कही नाही असं) क्लीनर सीटवर न फवारता मायक्रोफायबरवर किंवा मऊ ब्रशवर घ्या. एका वेळी सीटचा चौथाई भाग, हलक्या हाताने, मळ सुटेपर्यंत. लगेच ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसा. पूर्ण वाळल्यावर पाण्यावर आधारित प्रोटेक्टंटचा (डाग वरच अडवणाऱ्या द्रवाचा) पातळ हात द्या आणि तास-दोन तास बसू नका. नव्या जीन्सची निळाई याच हातामुळे वरच अडते. हलक्या रंगाच्या सीटला तो पहिल्या दिवसापासून द्यावा. दरवाज्याकडचा उंच काठ सगळ्यात आधी झिजतो, कारण उतरताना सगळं वजन त्याच्यावरून घसरतं. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी, बाकी सीटला त्याहून कमी वेळा पुरतं.

स्पिरिट, थिनर आणि पांढरा मेलामाइन स्पंज दूर ठेवा. डाग जातो, पण रंगाच्या थरासकट. सिलिकॉनची चकाकी तर पुढे रंगदुरुस्तीला आडवी येते. नवा रंग त्यावर धरत नाही. भोकं पाडलेल्या, आत हवेसाठी पंखा असलेल्या सीटवर ओलावा आणखी कमी हवा. त्या भोकांतून गेलेलं पाणी थेट फोममध्ये आणि पंख्यापर्यंत उतरतं, आणि पावसाळ्यात आतली बुरशी वरून पुसून निघत नाही.