दिशा सरळ वाचा, प्रतल उलटे

स्फटिकात [११०] ही एका रेषेची दिशा आहे आणि (११०) हे एक प्रतल. आकडे तेच, फक्त कंस बदलला. वाचायचे मात्र ‘एक-एक-शून्य’. ‘एकशे दहा’ म्हटले की ऐकणाऱ्याला कळते की समोरचा नवखा आहे. ही पद्धत विल्यम मिलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये रूढ केली, म्हणून हे मिलर निर्देशांक.

दिशा काढणे सोपे आहे. रेषेच्या टोकाच्या निर्देशकांतून सुरुवातीचे वजा करा. अंतरे मात्र युनिट सेलच्या, म्हणजे ज्याच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो त्या ठोकळ्याच्या, बाजूंच्या पटीत मोजा, नॅनोमीटरमध्ये नाही. (१, ०, ½) पासून (०, १, १) पर्यंतच्या रेषेसाठी वजाबाकी -१, १, ½ येते. अपूर्णांक घालवायला दोनने गुणले की [-२ २ १]. छापताना उणे चिन्ह अंकाच्या डोक्यावर आडव्या रेघेने दाखवतात. वजाबाकी उलटी केली तर दिशाच उलटते.

प्रतलाला एक जास्तीची पायरी लागते आणि बहुतेक चुका तिथेच होतात. प्रतल तिन्ही अक्षांना २, ३ आणि ६ वर छेदत असेल, तर त्या अंतःखंडांचे व्यस्त घ्यायचे: १/२, १/३, १/६. लसावि ६ ने गुणा, उत्तर (३२१). व्यस्त घ्यायला विसरलात तर (२३६) मिळेल, आणि ते भलतेच प्रतल आहे. उलटे करण्याची ही उठाठेव कशाला? अक्षाला समांतर प्रतल त्याला अनंतावर छेदते. व्यस्त घेतला की अनंताचा शून्य होतो.

प्रतल आरंभबिंदूतूनच जात असेल तर अंतःखंड शून्य येतो आणि त्याचा व्यस्त काढताच येत नाही. अशा वेळी आरंभबिंदू शेजारच्या कोपऱ्यावर सरकवा. (०,०,०), (१,१,०) आणि (०,०,१) यांतून जाणारे प्रतल घ्या. आरंभबिंदू (१,०,०) वर नेला की अंतःखंड -१, १ आणि अनंत, म्हणजे (-१ १ ०). तो (०,१,०) वर नेणाऱ्याला (१ -१ ०) मिळेल. दोघेही बरोबर, प्रतल तेच.

उत्तर पडताळायला एक बेरीज पुरते. प्रतलाचा पहिला अंक गुणिले दिशेचा पहिला, तसेच दुसरे, तसेच तिसरे. बेरीज शून्य आली तर ती दिशा प्रतलाला समांतर असते. [११०] आणि (-१ १ ०) साठी: -१ + १ + ० = ०. हा नियम कोणत्याही स्फटिकाला लागू पडतो.

‘[१११] ही (१११) ला लंब’ हे वाक्य मात्र सरसकट खरे नाही. घनाकार स्फटिकात ते खरेच आहे, आणि उदाहरणे बहुधा तिथलीच असल्याने सवय लागते. उंची पायाच्या दुप्पट असलेल्या चौरसपायी सेलमध्ये [१११] आणि (१११) चा लंब यांच्यात तब्बल ३५.३ अंशांचा कोन पडतो.

मसाविने भागून अंक लहान करण्याची घाईही प्रतलांच्या बाबतीत नडते. तांब्याच्या सेलची बाजू ०.३६१५ नॅनोमीटर, एकमेकांना समांतर (१००) प्रतलांमधले अंतर तेवढेच धरतात, (२००) मधले त्याच्या निम्मे. स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेल्या आलेखात प्रत्येक शिखर एका प्रतलसमूहाचे असते; तिथे तांब्याचे (२००) चे शिखर दिसते, (१००) चे दिसत नाही. तिथे (२००) ला छाटून (१००) केले तर सेलची बाजूही निम्मीच निघेल.