बोटीचे इंजिन : दुरुस्तीसाठी हात पोहोचण्याची सोय

बोटीच्या इंजिनाचे वरचेवर हाताळावे लागणारे भाग फारशी खोलाखोल न करता हाताला लागावेत, अशी मांडणी. शेतातले पंपसेटचे इंजिन चारी बाजूंनी मोकळे असते. बोटीत तेच यंत्र निमुळत्या तळात, फळ्यांच्या पेटीत बसते आणि मेकॅनिकच्या वाट्याला एकच बाजू येते.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न उजनीवर पडतो. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले; जलाशयाचे नाव यशवंतसागर. करमाळ्याकडचे कुगाव आणि पलीकडचे इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये हेच पाणी पसरलेले आहे. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृत साठा, म्हणजे मोजणीत शून्याखाली धरला जाणारा, आहे. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ की काठाचे पाणी उथळ होते, गाळ ढवळतो. त्यात शेवाळ आणि जलपर्णी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ही घाण आधी गाळणीत अडकते, तिथून निसटलेली वाळू पाणी खेचणाऱ्या पंपातल्या फिरत्या चाकाची, म्हणजे इंपेलरची, रबरी पाती झिजवते.

खरी गोम इथेच आहे. पंपाचे झाकण बऱ्याचदा मागच्या फळीकडे तोंड करून असते. चार-सहा बारीक स्क्रू न बघता, बोटांच्या अंदाजाने काढायचे. एक निसटला की तो तळाच्या तेलकट पाण्यात. पितळी असेल तर लोहचुंबकालाही लागत नाही. उपाय साधा आहे: मागच्या फळीला काढता-घालता येणारी खिडकी, आणि हाताने फिरवायचे मोठ्या डोक्याचे स्क्रू. गाळणी मात्र पेटीबाहेरच हवी.

ऑइलचे बूच सांगाड्याखाली दडलेले असल्यास गरम ऑइल हातपंपाने डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून ओढतात. डिझेल फिल्टर वरच्या अंगाला आणला की इंजिनाने ‘एअर धरली’, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली, तरी भर पाण्यात ती काढता येते. पेटी मोकळी करण्याच्या नादात बोटीच्या आडव्या फासळ्या कापणे, पट्ट्यावरची जाळी काढून टाकणे हा मात्र आततायीपणा.

मागे टांगायच्या मोटरीचे झाकण उचलले की बरेचसे समोर दिसते. तिचा इंपेलर तेवढा खालच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागात, असतो. तो बदलायचा तर पाय उतरवावा लागतो, म्हणजे बोट काठाला ओढणे आलेच.