गाडीचा एसी गार करत नाही : गॅस संपलाय की वायरिंग गेलंय?

एसीतून साधी हवा यायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस संपला असेल, भरून टाक." आणि ज्यांना थोडंफार इलेक्ट्रिकल कळतं ते बॉनेट उघडून म्हणतात, "एसीचा क्लचच लागत नाहीये, वायर गेली असणार." दोन्ही शक्य आहे, कारण बाहेरून हे दोन फॉल्ट अगदी सारखे दिसतात. ब्लोअर फिरतोय, बटणावरचा दिवा लागलाय आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, मात्र गप्प. हे सारखं दिसायचं कारण असं की गॅस फारच कमी झाला तर गाडी स्वतःच क्लचचा (गिअरचा नव्हे, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचचा) करंट तोडते. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसला तर ऑइलही पोचत नाही आणि आतले पार्ट कोरडे घासून कॉम्प्रेसर जाम होतो, तो वाचवण्यासाठी ही सोय केलेली असते. म्हणजे गॅसचा प्रॉब्लेम शेवटी इलेक्ट्रिकलचा चेहरा घेऊनच समोर येतो. म्हणून क्लचला १२ व्होल्ट येत नाहीत एवढ्यावरून वायरिंगला दोष देणं जितकं घाईचं, तितकंच न तपासता गॅस भरणंही घाईचं.

आधी मीटर बाजूला ठेवा आणि थोडं आठवून बघा, एसी बिघडला कसा? गॅस बहुतेक वेळा हळूहळू जातो. आधी कूलिंग थोडं कमी वाटतं, मग ब्लोअर एक नंबर वाढवावा लागतो, मग दुपारी गार होतच नाही पण रात्री चालतं, असं आठवडे किंवा महिने चाललेलं असतं. वायरिंगचा फॉल्ट असा पायऱ्या उतरत येत नाही, काल मस्त गार होता आणि आज पूर्ण बंद, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की बंद आणि पुढच्या खड्ड्यात परत चालू. अपवाद एकच, कंडेन्सरला (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस थंड करणारी जाळी) दगड लागून भोक पडलं किंवा पाईप फुटला तर गॅसही एका दिवसात जातो, पण तेव्हा त्या जागी तेलकट ओल दिसते, कारण गॅसबरोबर ऑइल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा डाग बसतो. पाईपचे जोड, कंडेन्सरचे कोपरे, कॉम्प्रेसरची पुढची बाजू, सगळं टॉर्च मारून बघा. असा डाग सापडला तर मल्टिमीटर काढायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक लक्षात घेतात. बऱ्याच गाड्यांत कमी प्रेशरचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली क्लचचा करंट तुटतो ते प्रेशर, साधारण ३० पीएसआयच्या आसपास असतो. आणि आर १३४ए गॅस असलेल्या बंद गाडीत, हवा ३० डिग्री असेल तर, सिस्टीमचं प्रेशर ९५ ते १०० पीएसआय असतं. हे प्रेशर गॅस पूर्ण भरलेला असतानाही तेवढंच आणि निम्मा उरलेला असतानाही तेवढंच, कारण आत थोडासा जरी लिक्विड गॅस शिल्लक असेल तोवर प्रेशर तापमानावर ठरतं, किती ग्रॅम आहे त्यावर नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक, गाडी बंद असताना गेज लावून "गॅस फुल आहे" असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, त्यातून फक्त "गॅस आहे" एवढंच कळतं. आणि दुसरा जास्त कामाचा, गॅस निम्मा असेल तर क्लच निदान लागायला तरी पाहिजे. लागतो, पण गार कमी करतो, किंवा काही गाड्यांत दर काही सेकंदांनी टक लागतो आणि टक सुटतो, एका ठेक्यात. क्लच मुळीच लागत नसेल आणि दोष गॅसचा असेल तर गॅस जवळजवळ संपूर्ण गेलेला असला पाहिजे. कालपर्यंत झकास गार होत होतं, डाग कुठेच नाही आणि आज क्लच हलतही नाही, तर माझा पहिला संशय वायरिंगवर जाईल.

क्लच लागतो की नाही ते बघायचं कसं, तर इंजिन चालू करून लांबूनच कॉम्प्रेसरच्या पुलीकडे बघा, हात, बाही, ओढणी पट्ट्याच्या आसपास अजिबात नको. पुली तर पट्ट्याबरोबर कायम फिरते, पण तिच्या पुढची चकती एसी बंद असताना स्थिर असते. कोणाला तरी एसी चालू करायला सांगा, "टक" असा आवाज येऊन चकती पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह काम कमीजास्त करतो, तिथे ही पद्धत चालत नाही. आणि गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल, कॉम्प्रेसरला केशरी रंगाची जाड केबल असेल, तर बॉनेट लावून टाका. त्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, ते काम घरी करायचं नाही म्हणजे नाही.

क्लच लागत नाही हे नक्की झालं की सरळ एसीच्या रिलेकडे, म्हणजे फ्यूज बॉक्समधल्या क्लचचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे जायचं. हे दोन फॉल्ट जिथे वेगळे होतात ती जागा रिलेचं सॉकेट आहे. रिलेच्या अलीकडे असतो तो निर्णय, म्हणजे एसीचं बटण, प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलवरचा सेन्सर, इंजिनचं तापमान हे सगळं बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो की क्लच लावायचा की नाही. रिलेच्या पलीकडे आहे तो फक्त पुरवठा, एक फ्यूज, एक वायर, क्लचची कॉईल आणि अर्थिंग. गॅस संपला तर बिघडतो तो निर्णय, पुरवठा ठणठणीत असतो.

फ्यूज आधी बघा, तो काढून मीटरने तपासा, नुसता डोळ्यांनी नको, केसाएवढी चीर दिसत नाही. मग तसाच नंबर असलेला दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा चालतो, अदलाबदल करून बघा, यात पाच मिनिटं जातात आणि कितीतरी वेळा काम इथेच संपतं. नाही संपलं तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, रिले काढा आणि सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या दोन पिना फ्यूज लावलेल्या छोट्या वायरने क्षणभर जोडा. हे नंबर बहुतेक रिलेच्या पोटावर छापलेले असतात. इंजिन बंद असल्यामुळे कॉम्प्रेसर फिरत नाही, त्यामुळे गॅस नसला तरी नुकसान काही नाही, आपल्याला फक्त तो "टक" ऐकायचा आहे. टक आला तर फ्यूजपासून क्लचपर्यंतची वायर, कॉईल आणि अर्थिंग जोडलेलं आहे, निर्णय का येत नाही ते शोधायचं. टक आला नाही तर गॅसचा विचार तूर्तास सोडा, कारण गॅस असो नसो, हा आवाज यायलाच हवा होता.

टक आला नाही असं धरून पुढे जाऊ, कारण घरी दुरुस्त होण्यासारखं खरं काम इथेच आहे. ३० नंबरला १२ व्होल्ट येतायत ना ते बघून, ती वायर तशीच जोडलेली ठेवून, कॉम्प्रेसरजवळचा कपलर (वायरचा प्लग) काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या पिनेवर टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, लावा, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. मुद्दाम लॅम्प म्हणतोय, मल्टिमीटर नाही. वायर आतून कुजून एकच तार शिल्लक असली तरी मीटर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंटच ओढत नाही. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो, तिथे कुजलेली वायर लगेच उघडी पडते, बल्ब मिणमिणतो. लॅम्प पेटलाच नाही तर मधली वायर तुटली आहे. लॅम्प झकास पेटला तर कॉईल मोजा, बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम येतात. मीटरने अनंत दाखवलं तर कॉईल जळली, शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट आहे आणि फ्यूज उडत असेल तर तो यामुळेच. कॉईल बरोबर, लॅम्पही पेटतो, तरी टक नाही, तर अर्थिंग बघा. एका वायरचा क्लच असेल तर त्याची अर्थिंग कॉम्प्रेसरच्या बॉडीतून आणि इंजिनच्या अर्थ पट्टीतून जाते. क्लचला करंट दिलेला असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून कॉम्प्रेसरच्या बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजा, ०.२ व्होल्टच्या वर आलं तर पट्टीचा जोड साफ करायला झालाय.

एक फॉल्ट मात्र दोन्हीकडच्यांना फसवतो. एसी सकाळी गार असतो, अर्ध्या तासाने बंद, गाडी थंड झाली की परत चालू. लोक गॅस भरतात, काही जण वायर बदलतात, आणि खरा दोष निघतो चकती आणि पुलीमधल्या वाढलेल्या फटीत. ही फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते, चकती झिजली की ती वाढते. त्यात कॉईल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स चढतो, २५ वरून १०० डिग्रीला गेली तर जवळपास ३० टक्के, म्हणजे करंट पावभाग कमी होतो आणि चुंबकाला ती रुंद फट ओढवत नाही. थंड असताना टक येतो म्हणून टेस्टमध्ये सगळं पास होतं, त्यामुळे ही तपासणी फॉल्ट आलेला असताना, गरम गाडीवरच करायची आणि फट मोजताना इंजिन बंद.

निर्णयाच्या बाजूला आलात तर प्रेशर स्विच हा पहिला थांबा. जुन्या गाड्यांत दोन पिनांचा असतो, इंजिन बंद करून त्याचा कपलर काढा आणि स्विचच्या दोन पिनांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे आतून सर्किट जोडलेलं आहे का, ते मीटरने बघा. सर्किट जोडलेलं असेल तर कट-ऑफपुरता तरी गॅस आहे आणि गडबड स्विचच्या पुढे आहे. तुटलेलं असेल तर गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. गेजवर ९०-१०० आणि स्विच तरी उघडा, म्हणजे स्विच खराब. गेजवर काहीच नाही, तर स्विच त्याचं काम चोख करतोय. हा स्विच वायरने जोडून, बायपास करून एसी चालवायचा प्रकार बघितला की मला खरंच वाईट वाटतं, तिथे कॉम्प्रेसर विनाऑइल फिरतो. तीन पिनांचा असेल तर तो बहुधा स्विच नाही, ५ व्होल्टवर चालणारा सेन्सर आहे, त्याच्या पिना एकमेकींना जोडायच्या नाहीत.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, हे गॅसचं लक्षण म्हणून सांगतात, पण आधी कंडेन्सरचा फॅन फिरतोय का बघा. त्याचा रिले किंवा कपलर गेला की प्रेशर वर चढतं आणि कूलिंग पडतं. अशा गाडीत वरून गॅस भरला तर प्रेशर आणखी वाढतं, मग हाय प्रेशरचा कट-ऑफ लागतो आणि एक फॉल्ट होता त्याचे दोन होतात. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर गॅसचा संबंधच नाही, ब्लोअरचा रेझिस्टर बघा, आणि त्याचा कपलर वितळलाय का तेही.

तुटलेली वायर बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडते. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर त्या वळणावर तुटते, बाहेरून आवरण शाबूत आणि आत तार तुटलेली. बोटांत धरून हळू वाकवा, त्या जागी वायर नको तेवढी मऊ लागते. कपलर उघडल्यावर पिनेवर हिरवी पूड दिसली तर पाणी शिरलंय, आणि ती हिरवळ कधीकधी आवरणाखालून वायरमध्ये बोटभर आत गेलेली असते, तिथे तार चकचकीत लागेपर्यंत कापत जावं लागतं, नाहीतर नवा जोड जुन्या गंजावर बसतो.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. जोडासाठी तेवढ्याच जाडीची किंवा किंचित जाड वायर घ्या, क्लचच्या वायरीला १ स्क्वेअर एमएम भरपूर झाली, फॅनला मात्र पहिली जेवढी जाड होती तेवढीच. पिळ मारून टेप गुंडाळणं इंजिनमध्ये टिकत नाही, उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. नीट क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबा, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, मग करूगेटेड पाईप, आणि पट्टा व सायलेन्सरपासून लांब बांधा. सोल्डर केलंत तरी चालेल, पण सोल्डर संपतं तिथे वायर कडक होऊन थरथरीने तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंनी आधार द्या. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपियरचा कधीच टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. गॅसच्या पाईपचा एकही नट घरी सोडायचा नाही, बाहेर येणारा गॅस कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट.

झाल्यावर एसी फुलवर लावून इंजिन पंधरावीस मिनिटं चालू ठेवा आणि पट्ट्यापासून लांबच्या भागात वायरिंग हलकं हलवून बघा, क्लच सुटता कामा नये. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून क्लचच्या पिनेपर्यंत, लोडवर, म्हणजे क्लच लागलेला असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (वाटेत गळलेलं व्होल्टेज) येत असेल तर अजून कुठेतरी एक जोड कच्चा आहे. ड्रॉप नाही, क्लच घट्ट धरून आहे, फॅन फिरतोय आणि तरी जाड पाईप हाताला गार लागत नाही, तर आता गॅसवाल्याकडे जायची वेळ झाली. तिथे "वरून थोडा टाक" असं सांगू नका. मशीनवर आधी असलेला गॅस काढून त्याचं वजन दाखवायला सांगा, बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम पाहिजे ते लिहिलेलं असतं, आणि दोन आकड्यांत फरक असेल तर लीक शोधल्याशिवाय नवा गॅस भरू देऊ नका.