फळीखालची पांढरी भुकटी

लोणच्याचं स्टीलचं भांडं ॲल्युमिनियम फॉइलने झाकलं आणि लोणचं फॉइलला टेकलं, की काही दिवसांत फॉइलला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात. अमेरिकेत घरामागच्या अंगणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या १४ फुटी ॲल्युमिनियमच्या होडीच्या तळाला बहुधा हाच आजार झालेला असतो.

अशा होड्या तिथे भरपूर. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने विमानांच्याच पद्धतीने पत्रा ताणून आणि रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) ठोकून छोट्या होड्या बनवायला घेतल्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, शिवाय गंजत नाही अशी ख्याती. ती अर्धीच खरी. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याला वाचवतो. ओरखडा उठला तरी पापुद्रा पुन्हा धरतो. मात्र साचलेलं पाणी, मीठ आणि शेजारी दुसरा धातू असं त्रिकूट जमलं, की त्याचं काही चालत नाही.

हा धडा फार महाग पडलेला आहे. १८९५ च्या अमेरिकाज् कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी नौका बांधणाऱ्या हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ ही नौका बांधली. पाण्याखालचा भाग ब्राँझचा, वरचा ॲल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा. वजन वाचलं, शर्यतही जिंकली. पण खाऱ्या पाण्यात बुडालेले दोन वेगळे धातू म्हणजे बॅटरीच, आणि त्या बॅटरीत विरघळायची पाळी ॲल्युमिनियमवर येते. १९०१ मध्ये नौका मोडीत निघाली. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर गुण लागतो म्हणतात. इथे पवळा ढवळ्याला खाऊनच टाकतो.

म्हणून होडी दुरुस्त करायला घेतली की रंगाचा डबा उघडण्याआधी आतल्या फळ्या उचकटाव्यात. खाली कुजलेली पानं, पाणी प्यायलेला फोम आणि त्याखाली पांढरी भुकटी सापडते. भुकटी खरवडली की पत्र्यात खड्डे दिसतात. ओलं लाकूड पोटिसासारखं पत्र्याला चिकटून बसतं, हवा पोचू देत नाही आणि पापुद्रा दुरुस्त होत नाही. त्यातून फळी वाळवीरोधक प्लायवूडची असेल तर आणखी वाईट, कारण त्या औषधात बहुधा तांबं असतं. घासायला लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात.

गळती शोधायची युक्ती मला फार आवडते. होडी पाण्यात सोडायची नाही, पाणी होडीत भरायचं! बाहेरून जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण. फक्त आधार भक्कम हवा: ३ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळावर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे पावणेचारशे किलो. सैल रिव्हेट आवळायला दोघं लागतात. एक जण आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो, दुसरा बाहेरून हातोडी मारतो. रिव्हेट बदलायचाच झाला तर ॲल्युमिनियमचाच घ्यावा. घरी वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये: धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, त्यावरचा पापुद्रा मात्र २,००० च्या वर, त्यामुळे नवशिक्याच्या हातून पत्र्याला भगदाडच पडतं.

नुसत्या पत्र्यावर रंग टिकत नाही; आधी एचिंग प्राइमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा रंगाखालचा थर लागतो. जुना प्राइमर हिरवट-पिवळा दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो. त्याची धूळ कर्करोगकारक आहे, तेव्हा कोरडं घासू नये.

सगळं झालं की तळ एकदा झाडून घ्यावा. अमेरिकेतल्या एक सेंटच्या नाण्यावर तांब्याचा मुलामा असतो. खिशातून पडलेलं तसं एखादं नाणं ओल्या तळात राहिलं, तर त्याच्याखाली नव्याने पांढरी भुकटी जमायला लागते.